घर दाखवण्याआधी एवढे लेखी द्या : घरांच्या मध्यस्थांना खुले पत्र

प्रति,
घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणारे सर्व व्यावसायिक आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी आजवर एक घर विकत घेतले आहे आणि एक विकले आहे. दोन्ही वेळा मध्यस्थ होते, दोन्ही वेळा ठरलेली दलाली मी पूर्ण चुकती केली आणि दोन्ही व्यवहार कागदोपत्री सुरळीत पार पडले. तेव्हा हे पत्र फसवणुकीची फिर्याद नव्हे. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. दोन्ही व्यवहारांत, माझ्या शेजारी उभा असलेला माणूस नेमके कोणाचे काम करतो आहे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. आणि ते त्याने आपणहून सांगायला हवे होते, असे मला आता ठामपणे वाटते.

घर घेतले तेव्हाची गोष्ट आधी सांगते. सह्यांच्या दिवशी आम्ही नोंदणी कार्यालयाच्या बाकावर क्रमांक यायची वाट पाहत बसलो होतो. विकणारे गृहस्थ वयस्कर आणि बोलके होते. व्यवहार ठरलेलाच होता, त्यामुळे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले, "तुमची ताणायची तयारी कुठवर आहे ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणून तर आम्ही आकडा सोडला नाही." तो आकडा मी घरातल्यांखेरीज फक्त एका माणसाला सांगितला होता. घर पाहून परतताना गाडीत त्याने विचारले होते, "ताई, अगदी शेवटचं किती धरू? मला माहीत असलं म्हणजे बोलायला सोपं जातं." मी विश्वासाने सांगितले. बोलणे सोपे गेले खरे, फक्त ते कोणाला सोपे गेले हे मला त्या बाकावर कळले.

त्या मध्यस्थाने दोन्ही बाजूंकडून दलाली घेतली होती. यात त्याने काही लपवले असेही म्हणता येत नाही, कारण मी विचारलेच नव्हते. त्याच्या हिशेबाने त्याने दोन पार्ट्यांना एका आकड्यावर आणले, व्यवहार क्लोज केला आणि आपला मोबदला घेतला. पण विकणाऱ्याला जास्तीत जास्त किंमत हवी असते आणि घेणाऱ्याला कमीत कमी. या दोघांचे हित एकाच माणसाने एकाच वेळी सांभाळायचे म्हटले, तर तो जपतो ते केवळ व्यवहाराचे हित. व्यवहाराचे हित म्हणजे तो लवकर आणि कोणत्याही आकड्याला पूर्ण होणे. वकिलाने वादी आणि प्रतिवादी दोघांचे वकीलपत्र घेतले तर आपण ते एक क्षणही खपवून घेणार नाही. मग घराच्या व्यवहारात, जिथे बहुतेकांची आयुष्यभराची पुंजी लागलेली असते, तीच गोष्ट रीत म्हणून का चालावी?

आणि ती सगळीकडे चालते असेही नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो आणि फ्लोरिडा या राज्यांमध्ये एका मध्यस्थाने दोन्ही बाजूंचा प्रतिनिधी म्हणून काम करण्यास मनाई आहे. दोघांमध्ये उभे राहायचे असेल, तर त्याला कोणाचीच बाजू न घेणारा, केवळ व्यवहार पार पाडून देणारा म्हणून उभे राहावे लागते. दोघांसाठी काम करूच नये असा माझा आग्रह नाही. लहान बाजारपेठेत ते टाळता येत नसेल, हे मी समजू शकते. पण तसे असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे आम्ही आमचा शेवटचा आकडा गाडीत बसून सांगणार नाही.

घर विकायला काढले तेव्हा मी शहाणी झाले आहे अशी माझी समजूत होती. मी तीन मध्यस्थांना बोलावले. दोघांनी जवळपास सारखी किंमत सांगितली. तिसऱ्याने त्यांच्यापेक्षा बरीच वरची सांगितली आणि ती मिळवून देण्याची खात्रीही दिली. साहजिकच काम तिसऱ्याला गेले. पहिले दोन आठवडे वर्दळ होती, मग फोन कमी झाले आणि पाचव्या आठवड्यापासून तोच मध्यस्थ मला बाजार कसा मंदावला आहे ते समजावू लागला. दर आठवड्याला थोडे थोडे खाली येत अखेर मी त्या दोघांनी सांगितलेल्या किमतीच्याही खाली विकले, कारण एव्हाना आमचे घर बाजारात पडून असलेले घर झाले होते आणि येणारा प्रत्येक जण "इतके दिवस का गेलं नाही?" असे विचारूनच आत पाऊल टाकत होता. काम मिळवण्यासाठी आधी किंमत फुगवायची आणि मग मालकाला हळूहळू खाली आणायचे, ही पद्धत तुमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. ज्या दोघांनी मला खरी किंमत सांगितली, त्यांचे काम त्या खरेपणामुळेच गेले, हे मला त्यांच्यासमोर कबूल करायला हवे.

पण माझ्या मध्यस्थाने मला खाली यायची घाई का केली असावी, याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही. ते दलालीच्या हिशेबात आहे. समजा, घराची किंमत 100 आहे आणि दलाली शेकडा 2 ठरली आहे. आज 100 ला घेणारा तयार आहे, महिनाभर थांबले तर 105 देणारा मिळण्याची शक्यता आहे. थांबलो तर मालकाच्या हातात 4.9 जास्त पडतात. मध्यस्थाच्या हातात पडतात 0.1. त्या 0.1 साठी त्याला आणखी महिनाभर घर दाखवत फिरायचे, फोन घ्यायचे, जाहिरातीचा खर्च करायचा, आणि आज हातात असलेला घेणारा निसटण्याची जोखीमही पत्करायची. त्याच्या जागी मी असते तर मीही मालकाला म्हटले असते, "आलेली पार्टी सोडू नका."

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील जवळजवळ 1 लाख घरविक्रींची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध केले. मध्यस्थ स्वतःच्या मालकीचे घर विकतात तेव्हा ते इतरांच्या घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस अधिक बाजारात राहते आणि सुमारे 3.7 टक्के जास्त किंमत मिळवते, असे त्यांना आढळले. घरांचे आकारमान, परिसर वगैरे फरक हिशेबात धरूनही. म्हणजे थांबावे कधी आणि किती, हे तुम्हाला उत्तम कळते. स्वतःच्या घराच्या वेळी ते ज्ञान तुम्ही पुरेपूर वापरता. तुमच्याकडून आम्हाला नेमके तेच ज्ञान हवे असते. दाराची किल्ली फिरवून दिवे लावणे आम्हालाही जमते.

किमतीच्या अंदाजाबाबत आणखी एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनुभवी मध्यस्थांना एकच घर दाखवले, घराची माहितीही सर्वांना तीच दिली. फक्त मालकाने मागितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगवेगळी सांगितली. मध्यस्थांनी लावलेले मोल त्या सांगितलेल्या किमतीमागे सरकत गेले. मजेची गोष्ट अशी की, त्या किमतीचा आपल्या अंदाजावर परिणाम झाला हे बहुतेकांना मान्यच नव्हते. घर पाहण्याचा ज्यांचा रोजचा धंदा त्यांची ही गत, तर वर्षानुवर्षांत एकदा घर पाहणाऱ्या आमच्यासारख्यांची काय असेल? म्हणून "माझा पंधरा वर्षांचा अनुभव सांगतो" या वाक्यापेक्षा, गेल्या सहा महिन्यांत याच परिसरात याच आकाराची कोणती घरे प्रत्यक्षात कितीला गेली, याची यादी आम्हाला अधिक उपयोगी पडते. मागितलेल्या किमतींची यादी नको. नोंदवलेल्या किमतींची हवी. ज्याने ती न मागता पुढे ठेवली, त्याच्याकडे मी डोळे झाकून नव्हे, पण निश्चिंतपणे काम देईन.

आता त्या प्रसिद्ध दुसऱ्या पार्टीविषयी. "ताई, दुसरी पार्टी टोकन घेऊन बसली आहे, आज संध्याकाळपर्यंत सांगा." घर शोधणाऱ्या माणसाने हे वाक्य ऐकले नाही असे होत नाही. कधी ती पार्टी खरीच असते, आणि उशीर करणाऱ्याच्या हातून घर जाते. ते सांगणे तुमचे कर्तव्यच आहे. पण ज्या घरासाठी मला हे वाक्य ऐकवले गेले आणि जे मी सोडून दिले, ते घर पुढे चार महिने त्याच किमतीला जाहिरातीत झळकत होते. ब्रिटनमध्ये 1991 च्या एका आदेशाने, नसलेल्या ऑफरविषयी किंवा नसलेल्या ग्राहकाविषयी खोटे सांगणे ही मध्यस्थाची अनुचित प्रथा ठरवली आणि आलेली ऑफर मालकाला विनाविलंब लेखी कळवणे बंधनकारक केले. मला यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण मालकापर्यंत न पोहोचलेली ऑफर ही न दिसणारी इजा आहे. माझे घर पडून होते त्या काळात किती जणांनी काय आकडे दिले आणि त्यांतले कोणते "त्यात काही दम नव्हता" म्हणून परस्पर परतवले गेले, हे मला आजही सांगता येणार नाही.

एवढे म्हटल्यावर आमच्या बाजूचेही म्हणायला हवे. नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. घर पाहताना मी स्वतः एकाच वेळी चार मध्यस्थांना कामाला लावले होते आणि प्रत्येकाला, तो एकटाच आहे असे वाटू दिले होते. एक घर दोघांच्या हातून पाहिले आणि दुसऱ्यासमोर पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा चेहरा केला. खरेदीचा काहीच विचार नसताना रविवारची सकाळ घरे पाहण्यात घालवणारी माणसे माझ्या ओळखीत आहेत. घर पाहून झाल्यावर रात्री मालकाचा नंबर मिळवून परस्पर व्यवहार करणारीही आहेत, आणि मध्यस्थाची दलाली वाचवली याचा त्यांना अभिमान वाटतो. ज्याच्या दहा फेऱ्यांपैकी नऊ फुकट जातात, तो दहाव्या फेरीत घाई करणार आणि दोन्हीकडून घेणार, यात नवल नाही. तुमचा मोबदला यशावरच अवलंबून असल्यामुळे अयशस्वी फेऱ्यांचा खर्च शेवटी यशस्वी ग्राहकच भरतो, ही व्यवस्था आपण दोघांनी मिळून उभी केली आहे. घर दाखवण्याच्या प्रत्येक खेपेचे वाजवी शुल्क घ्या, असे मी तर म्हणेन. ते मी आनंदाने देईन. मात्र मग त्या खेपेत तुम्ही माझे असले पाहिजे.

दलाल हा शब्द आपल्याकडे जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो, म्हणून मी या पत्रात तो टाळला आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र वाट दाखवणारा असा आहे, आणि तो या व्यवसायाला चांगला शोभतो. वाट दाखवणाऱ्याने वाटेतला खड्डाही दाखवायचा असतो. मी घेतलेले घर पाहायला गेलो तेव्हा सगळ्या खोल्यांचे दिवे भर दुपारी लावलेले होते, आणि आमचा मध्यस्थ मागच्या खोलीत खिडकीशेजारच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहून बोलत होता. राहायला गेल्यावर पहिल्या पावसात त्याच भिंतीवर, त्याच्या पाठीच्या उंचीएवढा, ओलीचा डाग उमटला. नवा रंग लावलेला होता, म्हणून तो आधी दिसला नव्हता. ओल आहे हे कळले असते तरी मी ते घर घेतलेच असते, कदाचित थोड्या कमी किमतीला. पण त्यानंतर त्या मध्यस्थाचे नाव मी कोणालाही सुचवलेले नाही. तुमचा धंदा ओळखीवर आणि शिफारशीवर चालतो हे तुम्हीच सांगता, तेव्हा त्या डागाची किंमत माझ्यापेक्षा त्यालाच जास्त पडली असावी.

माझी मागणी एका पानाची आहे. पहिले घर दाखवण्याआधी, किंवा विकण्याचे काम स्वीकारण्याआधी, त्या पानावर लिहून द्या की या व्यवहारात तुम्ही कोणाचे प्रतिनिधी आहात. तुम्हाला पैसे कोण देणार, किती आणि कोणत्या टप्प्यावर. दुसऱ्या बाजूकडून, बांधकाम व्यावसायिकाकडून किंवा कर्ज मिळवून देणाऱ्याकडून तुम्हाला काही मिळणार आहे का. आणि आम्ही तुम्हाला सांगितलेल्या गोष्टींपैकी कोणती तुम्ही समोरच्याला सांगाल व कोणती सांगणार नाही. त्या घरात तुमचा किंवा तुमच्या नातलगाचा काही हितसंबंध असेल, तर तोही त्याच पानावर यावा.

यात अशक्य असे काही नाही. ब्रिटनच्या 1979 च्या कायद्यानुसार मध्यस्थाने आपला मोबदला किती आणि तो केव्हा देय होईल, हे करार होण्यापूर्वीच ग्राहकाला सांगायचे असते आणि स्वतःचा हितसंबंध उघड करायचा असतो. अमेरिकेत मध्यस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने मार्च 2024 मध्ये 41.8 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, आणि त्याच वर्षीच्या 17 ऑगस्टपासून तिच्या नियमांप्रमाणे घेणाऱ्याला घर दाखवण्याआधी त्याच्याशी मोबदल्याच्या स्पष्ट आकड्यासह लेखी करार करावा लागतो. ही सुधारणा तिथल्या व्यावसायिकांनी आपणहून केली नाही; घरे विकलेल्या सामान्य माणसांनी कोर्टात खेचल्यावर केली. भारतात 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने मध्यस्थांना नोंदणी सक्तीची केली, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला विकलेले जुने घर बहुतांशी त्याबाहेरच राहते. जिथे कायदा पोहोचत नाही, तिथे तुमच्या संघटना पोहोचू शकतात. सभासदत्वाच्या अटींमध्ये हे एक पान घालायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

विक्रीचे काम फक्त एकालाच देण्याच्या कराराबद्दल, ज्याला तुम्ही एक्सक्लुझिव्ह म्हणता, माझे मत थोडे वेगळे आहे. अनेक ग्राहकांना तो जाच वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण पाच जणांना दिलेले घर कोणाचेच नसते आणि एकच घर पाच जाहिरातींत पाच किमतींना दिसले की घेणारा सर्वांत खालच्या आकड्यापासून बोलायला सुरुवात करतो. मात्र मुदत दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त नसावी आणि ती आपोआप वाढू नये. मुदत संपल्यावर तुम्ही आणलेल्या ग्राहकाला घर गेले तर दलाली मागण्याचा तुमचा हक्क मला मान्य आहे. पण असे ग्राहक कोणते, त्यांची नावे मुदत संपण्याच्या दिवशी लिहून द्यावीत, नाहीतर पुढे वर्षभर दारात येणारा प्रत्येक जण तुमचाच ठरतो. दलाली कधी द्यायची, हेही तिथेच ठरावे. ग्राहक तयार झाला की पैसे, की टोकन दिले की, की नोंदणी पूर्ण झाली की? माझ्या मते मोठा वाटा नोंदणीच्या दिवशी. व्यवहार मधेच फिसकटला तर तुमच्या श्रमांचे काही द्यावे, पण पूर्ण दलाली नव्हे.

घेणाऱ्याचा वकील मात्र तुम्ही सुचवू नये. मालकीची साखळी, घरावरील कर्जाचा बोजा, मालकाच्या वतीने सही करणाऱ्याचे मुखत्यारपत्र हे सगळे तपासणाऱ्या माणसाला पुढचे काम तुमच्याकडूनच मिळणार असेल, तर शंका काढताना त्याचा हात आखडतो.

येत्या काही महिन्यांत मला माझ्या आईच्या नावावरचे घर विकायचे आहे. तीन मध्यस्थांशी बोलणे झाले आहे, आणि वर लिहिलेले प्रश्न मी तिघांनाही आजच पाठवत आहे. उत्तरे लेखी मागितली आहेत. सर्वांत वरची किंमत कोणी सांगितली, हे या खेपेला मी उत्तरे वाचून झाल्यावर पाहणार आहे.

कळावे,
एक घर घेतलेली, एक विकलेली आणि एक विकायला काढलेली ग्राहक